एका न चालणाऱ्या मोटारीची आणि उरलेल्या मिळकतीची व्यवस्था

मी, हेमावती शिवलिंगप्पा मैंदर्गीकर, वय वर्षे चौसष्ट, धंदा पूर्वी नर्स व सुईण, हल्ली काही नाही, राहणार मुरारजी पेठ, सोलापूर, माझ्या पश्चात माझ्या वस्तूंचे काय व्हावे ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टर गुरुसिद्धप्पा हिरेमठ यांनी तपासून तसे सांगितले आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणू पाहणाऱ्याचे काय होते ते पेठेत सर्वांना माहीत आहे. कागदावर काळे डाग दिसतील ते माझ्या बोटांचे आहेत. साबणाने ते जात नाहीत. त्यावरून कागद खोटा ठरवू नये.

कलम १. माझे यजमान लग्नानंतर तिसऱ्या वर्षी वारले. मूलबाळ नाही. रक्ताचा वारस म्हणजे माझ्या भावाचा मुलगा भीमाशंकर, राहणार दुधनी, धंदा अडत. त्याची पत्नी शिवबाई. रक्ताची नसलेली पण तीस वर्षे माझ्याबरोबर बाळंतपणे केलेली विठाबाई सिद्राम बनसोडे, ही माझ्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत राहते. प्रसूतिगृहात ती आया होती, मी नर्स. पगार माझा जास्त होता, अक्कल तिची.

कलम २. मुरारजी पेठेतील राहते घर मी शिवबाईच्या नावे करीत आहे. भीमाशंकरच्या नव्हे, शिवबाईच्या. मागच्या दोन खोल्यांत विठाबाईने हयातीपर्यंत राहावे, तिला कोणी उठवू नये. अंगणातील पत्र्याची शेड मात्र पाडून टाकावी. त्या शेडमध्ये माझ्या आयुष्याची एकोणीस वर्षे गेली आहेत आणि त्याबद्दल मला दाखवण्यासारखे काही नाही.

कलम ३. पोस्टातील बचत आणि माझ्या सोन्याच्या दोन बांगड्या विठाबाईच्या. कोणी विचारले की कशाबद्दल, तर कलम ७ वाचून दाखवावे.

कलम ४. मोटार. काळी, चार दारांची, विलायती, लढाई संपली त्या सुमाराची. सन १९५८ मध्ये एक गिरणी अधिकारी सोलापूर सोडून जाताना मी ती घेतली. खेड्यांतून बोलावणी येत, बैलगाडी पोचेपर्यंत मूल तरी जाई नाहीतर आई तरी. मोटार असली की वेळेत पोचता येईल, असा माझा हिशोब होता. हिशोब बरोबर होता, मोटार चुकीची निघाली.

पहिल्याच महिन्यात सेल्फ गेला. पुढून हँडल मारावे लागे. एकदा हँडल उलटे फिरले आणि माझे मनगट मोडले. ते अजून पावसाळ्यात दुखते. मग रेडिएटर गळू लागला. एका गॅरेजवाल्याकडे नेली, तो म्हणाला, "बाई, मालकांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो." मी म्हटले, मालक मीच. तो हसला आणि गाडी आठ दिवस ठेवून घेतली. परत आली तेव्हा रेडिएटर गळतच होता आणि माझा चांगला डायनामो जाऊन त्या जागी मेलेला डायनामो बसवलेला होता. त्याचे नाव मी लिहीत नाही, त्याला वाटेल आपली आठवण काढली. त्या दिवसापासून गाडीला परक्याचा हात लागू दिला नाही.

गाडीबरोबर इंग्रजी पुस्तक होते. शब्दकोश घेऊन ओळ ओळ लावली. इंजिन शरीरासारखेच असते, रक्त, श्वास, उष्णता, असे मी विठाबाईला मोठ्या तोऱ्यात सांगितले. शरीर निदान कधी कधी आपोआप बरे होते. हे कधीच नाही. एक दुरुस्त केले की दुसरे रुसे. ब्रेक लागला की दिवे जात. दिवे आले की हॉर्न बसे. कार्बोरेटर मी इतक्या वेळा उघडला की त्याचे स्क्रू गुळगुळीत झाले. सुटा भाग मागवला की मुंबईहून दोन महिन्यांनी पार्सल येई आणि उघडून पाहावे तर उजवीकडचा हवा तेथे डावीकडचा.

विठाबाईला अक्षरओळख पुढे झाली, पण तिचे कान आधीपासून तयार होते. मी पुस्तकात डोके घालून बसले की ती नुसती उभी राहून म्हणे, "अक्का, ही डाव्या अंगानं दम टाकतीय बगा." आणि डावीकडचाच व्हॉल्व्ह जळालेला निघे. मला याचा फार राग येत असे. आज लिहिते की तिचे बरोबर असे.

तिला मोटार घेशील का विचारले. म्हणाली, "मला नगं ती अवदसा. हत्यारं द्या." म्हणून सर्व पाने, जॅक, ऑइलचा डबा आणि ते इंग्रजी पुस्तक विठाबाईला. मोटार भंगारात वजनावर घालावी. वर उल्लेखलेल्या गॅरेजवाल्याने भाव कितीही दिला तरी त्याला देऊ नये.

कलम ५. शेजारी सिद्रामप्पा बिराजदार हे एकोणीस वर्षे रोज सकाळी भिंतीवरून डोकावून "प्लग बघा, बाई, प्लग" असे सांगत आले आहेत. प्लगचा दोष एकदाही नव्हता. ते या कागदावर साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देता येत नाही असा कायदा आहे. कायद्याबद्दल माझी तक्रार नाही.

कलम ६. देह दुधनीस नेऊ नये, सोलापुरातच माती द्यावी. न्यायला लोक वाहन शोधू लागतील आणि कोणाला तरी शेडमधली मोटार आठवेल.

कलम ७. हे कलम शिवबाईसमोर वाचावे.

सन १९६९, मे महिना, शनिवार. सकाळी आठ वाजता अडतीच्या फोनवरून निरोप आला की शिवबाई अडली आहे, मूल आडवे आहे, लगेच या. दहा वाजता रेल्वे होती. मी म्हटले, मोटारीने लवकर पोचू. विठाबाईला घेऊन निघाले. वळसंग ओलांडले आणि गाडी बंद पडली. टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप मेला होता. त्यातला रबराचा पडदा फाटला होता. ऊन असे की बॉनेटला हात लावता येईना. मी पंप उघडला, पुन्हा बसवला, पुन्हा उघडला. दोन तास गेले. रस्त्याने एक ट्रक गेला, त्याला हात केला, थांबला नाही.

शेवटी विठाबाईने माझ्या पेटीतली सलाईनची बाटली आणि रबरी नळी काढली. "अक्का, पेशंटला वरनं देतो की आपुन. हिलाबी वरनं द्या." डब्यातले पेट्रोल बाटलीत भरले, नळी कार्बोरेटरला जोडली. बॉनेट काढून मागे टाकले. विठाबाई मडगार्डवर बसली, एका हाताने गाडीचा पुढचा दिवा घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने बाटली उंच धरली. दुधनीपर्यंत ती तशी आली, बाटली संपली की थांबून भरत. तिचा तळहात पेट्रोलने सोलून निघाला होता. पोचायला अडीच वाजले. मुलाचा हात बाहेर आला होता. मी मूल वळवले, काढले. ते रडले नाही. शिवबाई बेशुद्ध होती, रक्त थांबवण्यात संध्याकाळ झाली. ती वाचली. त्यानंतर तिला मूल झाले नाही.

भीमाशंकर एकच वाक्य बोलला, "आत्ती, रेल्वेनं यायचं होतं की." त्यानंतर आठ वर्षे आमचे बोलणे सणावाराच्या पत्रापुरते.

मी सर्वांना सांगितले, पंप अचानक गेला. ते खरे नाही. पंप चार दिवस गळत होता. आधीच मागवलेला नवा पडदा पार्सलने येऊन माझ्या कपाटात पडला होता. शुक्रवारी संध्याकाळी तो बसवायला मी पंप उघडला. आतली स्प्रिंग उडून कुठे तरी गेली. तासभर मातीत हात घालून शोधली, सापडली, आणि मी इतकी वैतागले होते की जुनाच पडदा परत लावून सगळे आवळून टाकले. पुढच्या आठवड्यात बघू म्हटले. एवढेच. विठाबाईला सांगितले असते तर तिने तो अर्ध्या तासात बसवला असता. पण त्या आठवड्यात मी तिच्याशी तिच्या त्या तयार कानांवरून भांडले होते.

यानंतर आठ वर्षे मी ती गाडी पुन्हा पुन्हा खोलली, जणू ती एकदा बिनचूक चालली की तो शनिवार फिरेल. ती चालली नाही. घर शिवबाईला देते ते यासाठी. भरपाई म्हणून नाही, तशी भरपाई नसते.

कलम ८. हे कलम मागाहून घातले आहे.

वरील मजकूर मी विठाबाईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "पडद्याचं पाकीट मला तवाच दिसलं हुतं कपाटात." मी विचारले, मग बोलली का नाहीस? म्हणाली, "तुमी बोलाल म्हनून वाट बगितली. पन अक्का, मेल्यावर कशाला सांगता? तिला काय इचारायचं असंल तर ती कुनाला इचारंल?"

मी दोन दिवस रागात होते. गुरुवार, दिनांक ३० जून रोजी एस.टी.ने दुधनीस गेले. शिवबाई ज्वारी निवडत होती. तिच्यासमोर बसून सर्व सांगितले. बोलणे कानडीत झाले, येथे मराठीत लिहिते. भीमाशंकर दारात उभा राहून ऐकत होता. शिवबाई बराच वेळ सुपात हात फिरवत राहिली. मला वाटले आता शिव्या देईल. त्या ऐकायलाच मी गेले होते.

तिने विचारले, "आत्ती, मुलगा होता की मुलगी?"

मला प्रश्न कळेना. ती म्हणाली, "मी शुद्धीवर यायच्या आत नेलं. कुणी सांगितलं नाही. विचारलं की सगळे म्हणत, विसर आता. तुम्ही पाहिलं होतं ना?"

आठ वर्षांत मी पंपाखेरीज दुसऱ्या कशाचा विचार केला नव्हता.

मी सांगितले, मुलगी होती. पुरेपूर दिवसांची. केस दाट, ओले, कपाळावर चिकटलेले. उजवी मूठ मिटलेली. मी तिला धुतले, माझ्या पेटीतल्या स्वच्छ कापडात गुंडाळले आणि तुझ्या सासऱ्यांच्या हातात दिले.

"रंग?" तिने विचारले.

"तुझा."

तेव्हा ती रडली. भीमाशंकर आत आला आणि तिच्याजवळ बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "जागा मला माहीत आहे. आमराईच्या बांधाला आहे." आम्ही तिघे तेथे गेलो. दगड नाही, खूण नाही. शिवबाई जमिनीला हात लावून बसली, मीही बसले.

निघताना मी घराचे विचारले, माझ्या हातचे घेशील का. तिने माझ्या हातात जेवणाचे ताट दिले आणि म्हणाली, "घराचं राहू द्या. पुढच्या महिन्यात चार दिवस राहायला या. तिच्याबद्दल अजून आठवेल ते सांगा."

म्हणून कलम २ कायम ठेवत आहे, परंतु ते लवकर अमलात यावे अशी आता माझी इच्छा नाही.

हे वाचून, समजून मी साक्षीदारांच्या देखत सही केली आहे. त्यांनीही माझ्या देखत सह्या केल्या आहेत.

सही: हेमावती शिवलिंगप्पा मैंदर्गीकर

साक्षीदार:
१. सिद्रामप्पा बिराजदार, मुरारजी पेठ
२. डॉ. गुरुसिद्धप्पा हिरेमठ, मुरारजी पेठ

मुक्काम सोलापूर, दिनांक ८ जुलै १९७७, शुक्रवार