अनंताच्या खुणेअलीकडे

प्रिय भिंगरी,

तू पाठवलेले नऊ फोटो काल मिळाले. सकाळपासून दुकानाचं शटर अर्धं ओढून, मोबाइल खिडकीजवळच्या टेबलावर ठेवून आणि डोळ्याला माझं कामाचं भिंग लावून मी तेच बघत बसलोय. काल फोनवर एवढंच बोललो की माझं पत्र हातात पडेपर्यंत लेन्स विकणाऱ्या त्या माणसाला भेटायला जायचं नाही, आणि तू हसलीस. म्हाताऱ्याला चळ लागला असं वाटलं असेल. वाटू दे. आज बुधवार, पत्र उद्या कुरिअरने तुला मिळेल, आणि तुमची भेट रविवारी आहे. शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू नकोस. हे सगळं फोनवर सांगण्याची माझी छाती नाही, म्हणून लिहितोय.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू विचारलंस, काका, ही लेन्स पहिल्या आवृत्तीची, दुसऱ्या की तिसऱ्या, आणि कुणी जोडजाड करून माझ्या गळ्यात तर मारत नाही ना? अगं, शाळा सुटल्यावर रोज माझ्या दुकानातल्या स्टुलावर पाय हलवत बसायचीस, आणि तरी हे विचारावं लागतं म्हणजे मास्तरच कच्चा. या वाइड अँगलची पहिली आवृत्ती चंदेरी नाकाची, आत उजेड कमी-जास्त करणारी सहा पाती, हातात घेतली की वरवंट्यासारखी जड. दुसरी सगळी काळी, आठ पाती, आणि तिची मागची काच वयाबरोबर कोऱ्या चहासारखी पिवळी पडते. उन्हात ठेवली की पिवळेपणा उतरतो, अंधारात पडून राहिली की चढतो. तिसरीला रबराची पकड आणि काचेवर हिरवट चमक. घेणारे बहुतेक लोक पुढच्या कड्यावरचा नंबर वाचतात आणि तिथेच फसतात, कारण ते कडं दोन आटे फिरवले की निघून हातात येतं. माणसाची टोपी बघून त्याचं वय सांगण्यातला प्रकार. म्हणून नंबर शेवटी वाचायचा, आधी पाती मोजायची.

तू मोजलीस, शाबास. आठ पाती, पिवळी काच, काळं अंग, म्हणजे लेन्स दुसऱ्या आवृत्तीची. कड्यावरचा नंबर मात्र तिसरीचा. तुझी शंका बरोबर आहे, ही जोडलेलीच लेन्स आहे. पण फसवण्यासाठी जोडलेली नाही. आता हळूहळू सांगतो, तूही सावकाश वाच, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.

तुझा बाबा, मी आणि आणखी एक, असे आम्ही तिघं शाळेपासूनचे. बाबाचं बोलणं संपायचं नाही म्हणून तो रीळ, मी दिसेल ते उघडायचो म्हणून स्क्रू, आणि तिसरा उंच, मान पुढे काढून चालायचा म्हणून उंट. पुढे रीळ आणि उंटाने मिळून स्टुडिओ काढला आणि मी शेजारी दुरुस्तीचं दुकान. बाबाकडे ही दुसऱ्या आवृत्तीची लेन्स होती, आणि तिच्यावर त्याचा इतका जीव की तुझी आई म्हणायची, मला सवत आणलीत ती काचेची. एकदा स्टुडिओच्या दाराच्या चौकटीवर आपटून तिचं पुढचं कडं चेपलं. माझ्या खणात तिसऱ्या आवृत्तीची एक मेलेली लेन्स पडून होती, आतून बुरशीने खाल्लेली. तिचं कडं काढून मी बाबाच्या लेन्सला चढवलं. बसलं तेही असं की जणू तिथेच जन्मलं.

तेवढ्यावर थांबलो असतो तर मी स्क्रू कसला. उघडलीच आहे तर साफही करू म्हणून फोकससाठी पुढेमागे सरकणारी आतली मळसूत्री नळी बाहेर काढली. या नळीला आटे सुरू व्हायच्या जागा अनेक असतात आणि ती ज्या जागेवरून निघाली तिथूनच परत घालावी लागते, म्हणून काढण्याआधी सुईने खूण करायची, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. मी खूण केली नाही. लक्षात राहील म्हटलं. राहिलं नाही, नळी एक जागा चुकून बसली. लेन्स चालायची उत्तम, चित्र स्वच्छ, पण फोकसची रिंग शेवटापर्यंत फिरवली तरी रेघ अनंताच्या, म्हणजे सगळ्यात लांबच्या अंतराच्या, खुणेपर्यंत पोचायची नाही, तांदळाच्या दाण्याएवढी अलीकडे थांबायची. मी शरमेने म्हटलं परत उघडतो. बाबाने हातातून काढूनच घेतली, म्हणाला राहू दे, स्क्रूचं अनंत जरा अलीकडेच संपतं. पुढे सहा महिने मला त्यावरून चिडवत होता.

तुझ्या सातव्या फोटोत रिंग शेवटापर्यंत फिरवलेली आहे. रेघ कुठे थांबलीये ते बघ.

माझाही माझ्या डोळ्यांवर विश्वास बसला नाही, म्हणून खण उपसला. ती मेलेली लेन्स अजून तिथेच आहे, बोडकी, कड्याविना. तिचं खोकंही आहे, कारण मी काही टाकत नाही हे तुला माहीतच आहे. खोक्यावरच्या नंबराचे शेवटचे आकडे ७०३८. तुझ्या फोटोतल्या कड्यावरही ७०३८. तीन वेळा पडताळले.

बाबा गेला तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. तुला काय सांगितलं गेलं ते मला माहीत आहे, कारण तुझ्या आईबरोबर सांगायला मीही होतो. बाबा दुपारी एकटाच जुन्या खाणीवर फोटो काढायला गेला, कडेवरून पाय घसरला, खालच्या पाण्यात पडला. दुसऱ्या दिवशी बाबा सापडला. ही लेन्स लावलेला त्याचा कॅमेरा सापडला नाही. तो गळ्यातून सुटून तळाशी गेला असं सगळ्यांनी ठरवलं, कारण खाणीच्या पाण्याचा ठाव कुणालाच नव्हता. पण बाळा, ही लेन्स पाण्यात गेलेली नाही. पाण्यातून निघालेल्या लेन्सा मी आयुष्यभर उघडल्यात. पाती गंजून चिकटतात, काचेवर माशाच्या खवल्यासारखे डाग येतात. हिची पाती कोरी करकरीत आहेत आणि काच गडद पिवळी. म्हणजे तेवीस वर्षं ती कुणाच्या तरी कपाटात, अंधारात, कोरडी ठणठणीत बसून होती.

आता चौथा फोटो उघड. त्यात लेन्स धरलेल्या माणसाचा अंगठा दिसतोय. नख मधोमध चिरलेलं, दोन वेगळी नखं वाढल्यासारखं. स्टुडिओतल्या कागद कापायच्या पात्याखाली तो अंगठा सापडला, तेव्हा पट्टी मी बांधली होती. तो उंट आहे.

तू लिहिलंस की गृहस्थ फार गोड बोलतात. आधी घरी या म्हणाले, मग गप्पांत बाबा काय करायचे विचारलं, तू सगळं सांगितलंस, आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला की लेन्स आता तुम्हालाच द्यायची, पण घरी नको, धरणाच्या भिंतीवर भेटू, वाइड अँगलची परीक्षा घ्यायला मोकळी जागा हवी, आणि एकट्याच या, चार लोक असले की मला बोलायला जमत नाही. तुला हे साधं वाटलं. मी ते वाचलं आणि कालच तुला फोन लावला. तू कोण आहेस हे त्याला आता कळलंय, आणि त्यानंतर त्याने जागा बदललीये. उंचावरची, खाली पाणी असलेली.

त्याने बाबाला ढकललं असं मी म्हणत नाही. मी तिथे नव्हतो. पण त्या कॅमेऱ्यावरची लेन्स त्याच्याकडे आहे, म्हणजे तो तिथे होता. आणि हे तेव्हाच उघडकीला आलं असतं, भिंगरी, माझ्यामुळे आलं नाही. स्टुडिओवरून दोघांचं महिनाभर बोलणं बंद होतं, म्हणून पोलिसांनी उंटाला विचारलं की त्या दुपारी कुठे होतास. तो रडत माझ्याकडे आला. म्हणाला, एका बाईकडे होतो, घरी कळलं तर संसार मोडेल, तू फक्त सांग की दुकानात बसलो होतो. मित्र म्हणून मी सांगितलं. लिहून दिलं, खाली सही केली. खरं काय हे त्याला पुन्हा कधी विचारलं नाही, कारण उत्तराची भीती वाटत होती. वर्षभरात तो गाव सोडून गेला, आणि मी तुला स्टुलावर बसवून स्क्रू मोजायला शिकवत राहिलो. तू मला काका म्हणायचीस आणि मी ते ऐकून घ्यायचो. हे पत्र कुरिअरला देऊन मी तसाच पोलीस ठाण्यात जाणार आहे, खोकं, ती बोडकी लेन्स, तुझे फोटो आणि माझी खोटी सही मोडायला खरी सही घेऊन. त्याला कसलाही निरोप पाठवू नकोस. दाराला कडी लाव, आईला जवळ बसव आणि हे तिला वाचून दाखव. मला माफ करू नका, तोंडही बघू नका, चालेल. पण रविवारी तिथे जाऊ नकोस. रीळ गेला तेव्हा मी खोटं बोललो. आज खरं बोलतोय, तेवढं ऐक.

अजून म्हणू देत असशील तर, तुझाच,
स्क्रूकाका