कानशिलावरची बोटं

५ फेब्रुवारी, सोमवार. मिरज
आज खोलीवर आलेलं सामान: शेगडी, भाडं १५०. चटई ९०. बादली आणि तांब्या १९०. पालीच्या खंडोबाचा भंडारा घरचाच, बिनखर्ची. खोली दवाखान्याच्या मागंच आहे, सकाळचं ऊन येतं. दिवस आनंदाचा गेला. ह्यांच्या डोक्यातल्या रक्तस्रावाचं ऑपरेशन होऊन आज साध्या वॉर्डात आणलं. मला बघून म्हणाले, "आलीस व्हय." डॉक्टर म्हणाले, अजून दहा-बारा दिवस मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसायची भीती असते, म्हणून रोज तपासणी करायची.

६ फेब्रुवारी, मंगळवार
तपासणी बघितली. सुंदरी नावाची मुलगी करते, अंकलखोपची. कानशिलावर गार जेली लावून पेनाएवढी कांडी टेकवते आणि आतलं रक्त ऐकू येतं, पाटाला पाणी सोडल्यासारखं. मशीनवर आकडा आला एकशे ऐंशी. मला वाटलं, चांगलं झालं. ती हसली. म्हणाली, नळीचं तोंड दाबलं की धार जोरात उडते, तसं हे; आकडा खाली यायला पाहिजे. चांगल्या माणसाचा साठाच्या आसपास असतो. गंमत म्हणून माझ्या कानशिलाला लावली. बरोबर साठ. म्हणाली, "मावशी, तुमी काय शंभरी सोडत न्हाई."
निघताना ह्यांच्या तोंडावरून हात फिरवून माझ्या कानशिलांवर बोटं मोडली. सासूबाई सांगायच्या, बला घ्यायची तर मनापासून घ्यावी, वरवर नको. दहाच्या दहा वाजली.

८ फेब्रुवारी, गुरुवार
ह्यांचा आकडा एकशे चाळीस. चाळीस उतरला. खंडोबाला नारळ ठेवला. माझं डोकं ठणकतंय, उन्हाचं असेल. बोटं रोज मोडते.

१० फेब्रुवारी, शनिवार
ह्यांचा शंभर. आपल्या हातानं भाकरी खाल्ली. माझ्या उजव्या हातातून तांब्या निसटला, ते सुंदरीनं बघितलं आणि मला बळंच बसवून कांडी लावली. पाटाचा आवाज नव्हता. बारीक शीळ होती. एकशे चाळीस. तिनं मशीन बंद करून पुन्हा लावलं. तेवढेच.
ह्यांचे ऐंशी उतरले, माझे ऐंशी चढले.
डॉक्टर म्हणाले, असं एकाचं दुसऱ्याला जात नसतं, पण भरती व्हा. मी म्हटलं, आधी ह्यांना घरी जाऊ दे. आज बोटं मोडताना हात थांबला. मग मोडली.

१२ फेब्रुवारी, सोमवार
हे दारापर्यंत चालले. सत्तर. मला भरती केलं. उजवं अंग जड, डाव्या हातानं लिहिते. बोलायला गेले की शब्द — तोंडापर्यंत येऊन — नुसता आवाज. ह्यांनी शिरवळला फोन करून लेकीला, संयोगिताला बोलावलं. देवा, आलंय ते माझ्यापाशीच राहू दे.

१३ फेब्रुवारी, मंगळवार
संयोगिता आली. सहा वर्षांची नात बरोबर. जावई सीमेवर, पोरीला ठेवणार कुणापाशी.
मला बघून रडली. हात पुढं केले. मी मान हलवली — न्हाई, न्हाई — तिला वाटलं, मान थरथरते. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवले. तिच्या कानशिलांवर —
दहाच्या दहा.
पोर टक लावून बघत होती. तिनं लगेच ह्यांच्यावर करून बघितलं. बोटं वाजली न्हाईत. सगळे हसले. तिची आई म्हणाली, घरी गेल्यावर शिकवते.
पोरीची शाळा बुडते म्हणून दुपारच्याच गाडीनं गेल्या.

१५ फेब्रुवारी, गुरुवार
उजव्या हातानं लिहिते. अक्षर पहिल्यासारखं. सुंदरी म्हणाली, एकशे दहा, मावशी, सुधारताय. मी रडले. तिला वाटलं, आनंदानं.
बोलणं परतलं न्हाई. फोन लावला. संयोगिता, तू उचललास. तुझा श्वास — आणि तुझाही नुसता आवाज. दोघी तशाच. मागून पोर म्हणाली, आये, आता वाजतात बघ.
ह्यांना लिहून दाखवलं. हसले. म्हणाले, "तुझं डोकं अजून ठिकाणावर न्हाई."
फोन पुन्हा लावला, कुणी उचलत न्हाई. मला इथून सोडत न्हाईत. हे पान फाडून सुंदरीजवळ देते, आजच पेटीत टाकेल. शेजारणीला बोलाव. पोरीचे हात धर — बांध — तुझ्या तोंडाला लावू देऊ नको. ती मनापासून करते. दोन ओळी लिही, डाव्या हातानं लिही, पण उलट टपाली कळव की तिनं अजून तुझी बला —