खंडेनवमीचा डबा

कराड,
१९ सप्टेंबर १९७६

सयाजीदादांच्या पायाशी धाकट्या हरिबाचा दंडवत. वहिनींना नमस्कार. मी बरा हाय, खाण्यापिण्याचं हाल न्हाईत. कल्लाप्पाच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात बसतो, तिथंच माळ्यावर झोपतो. पलूसला पाऊस कसा झाला ते यस्टीतल्या माणसांकडनं कळतं, तुमी काय कळवत न्हाई.

पत्र फाडायच्या आधी एवढं वाचा. डबा पुन्हा बनवलाय.

व्हय, तोच. इंजिन लय तापलं की आपसूक बंद करणारा. तुमी म्हणाला हुता, "फौजेत रेडिओ दुरुस्त केलं म्हणून हितं शहाणपण चालत न्हाई." चालतंय, दादा. गावाला हसायचं तेवढं हसू दे. इंजिनाचा हादरा, धूर, नदीकाठची ओल, ह्यात टिकंल असं सर्किट बाजारात मिळत न्हाई, म्हणून मी हातानं केलं. तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेल्या पाटीवर रंगानं रेघा काढल्या, बाकीचं तांबं औषधात विरघळवलं. एकेक पार्ट पाटीला बांधून मग कथिलाचा डाग दिला. वर वाइंडिंगचं व्हार्निश तीन हात, झाकणाला सायकलच्या ट्यूबची पट्टी. मग तासगावच्या एका द्राक्षवाल्याच्या ट्रॅक्टरला आठ दिवस बांधून फिरवला. एक डाग सुटला न्हाई. कल्लाप्पा म्हणाला, "गड्या, ट्रॅक्टर खिळखिळा झाला, तुझा डबा न्हाई."

आता खरं लिवायचं ते लिवतो.

गेल्या माघात नदीवरच्या पंपानं पाणी ओढायचं सोडलं, गार ठिवणारं पाणी न मिळून इंजिन तापून जाम झालं, आणि माझ्या डब्यानं ते बंद केलं न्हाई. तीन आठवडं उसाला पाणी मिळालं न्हाई. मी चार माणसांत तुमच्याम्होरंच बोललो, "दादांनीच डब्याचं बटण बंद ठिवलं असणार, त्यांचा माझ्यावर इस्वास कवा हुता?" तुमी एवढंच म्हणाला, "म्या हात लावला न्हाई, हरिबा." मग तुमी बोलायचं सोडलं आणि मी गाव सोडलं.

तुमी हात लावला नव्हता. हितं आल्यावर तिसऱ्या दिवशी मी संगं आणलेला डबा उघडला. आत चिकट थर, आणि तांब्याची एक रेघ हिरवी पडून तुटलेली. इंजिन तापल्याचं सांगणारी तार तिलाच जोडलेली हुती.

आठवा, दादा. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली, इंजिनाला हळदीकुंकू लागलं. तुमी नारळ शेजारच्या दगडावर फोडणार हुता. मीच तुमच्या हातातनं घेतला. "पयला मान माझ्या डब्याचा," म्हणून डब्याच्या कोपऱ्यावर आपटला. नारळाचं पाणी झाकणातनं आत गेलं आणि माघापतोर तांबं खात बसलं.

सात महिनं झालं, हे मला ठावं हाय. लाज वाटत हुती आणि ताठाबी जात नव्हता. चूक माझी, दादा. तुमची अजाबात न्हाई.

पण नारळ जपून फोडा म्हणून मी सांगत फिरणार न्हाई. रीत हाय तशी चालंल, डबाच तसा पायजे. नव्या डब्यात डिझेल सोडणारा दांडा करंटानं धरून ठिवलाय. कुठंबी तार तुटली, डाग सुटला, की करंट जातो, दांडा सुटतो, डिझेल थांबतं, इंजिन बंद पडतं. डबा बिघडला तरी इंजिन वाचवूनच बिघडंल. कल्लाप्पाच्या दुकानात त्याच्यावर पाच नारळ फोडलं. खोबरं खाऊन शेजारी कंटाळलं.

खंडेनवमीच्या सकाळी पयल्या यस्टीनं येतो. घरात घ्या न्हाईतर घेऊ नका, मी सरळ नदीवर जाऊन डबा बसवणार. तीच चार माणसं बोलवा. गेल्या सालचा नारळ कुणी कुठं फोडला ते त्यांच्याम्होरं मी सांगीन. ह्या सालचा तुमी फोडा, डब्यावरच, जोर लावून.

तुमाला चार माणसांत खोटं पाडणारा आणि तरीबी येणारच असलेला,
तुमचा धाकटा
हरिबा