टाकीजवळचा कोपरा

ता. ९ फेब्रुवारी

प्रिय टाचणीस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे या वयात जितकं बरं असावं तितके. माझ्या चष्म्याचा नंबर पुन्हा वाढला. सुईत दोरा ओवायला आता तुझी आई लागते, आणि ओवता ओवता ती मला चार शब्द ऐकवून घेते. जावईबापूंना आशीर्वाद सांग. फोनवर मला बोलणं जमत नाही हे तुला ठाऊक आहे. आई शेजारी उभी राहून खुणा करत असते, मी गोंधळतो, आणि तू 'बरं, ठेवते' म्हणतेस. म्हणून हे पत्र.

बातमी अशी, की आपली अख्खी गल्ली सध्या खणून काढायचं चाललं आहे. मागचा बॅटऱ्यांचा कारखाना आठवतो ना, तू शाळेत असताना बंद पडला तो? तिथे जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढायचे. त्याची राख आणि खडी त्यांनी आपल्याकडची खोलगट अंगणं भरायला फुकट दिली होती, आणि फुकट म्हटल्यावर आपण कधी काही सोडतो का. गेल्या वर्षी विद्यापीठातली माणसं पिशव्या घेऊन आली, घरोघरची माती नेली, लहान मुलांचं रक्त तपासलं. माती वाईट निघाली. नगरपालिकेने हात वर केले. मग विद्यापीठाने आणि गल्लीने मिळूनच ठरवलं: वरची दोन हात माती काढायची, वस्तीबाहेरच्या अस्तर घातलेल्या खड्ड्यात टाकून झाकायची, आणि टेकडीवरची स्वच्छ माती आणून भरायची. गल्लीत यंत्र शिरत नाही, तेव्हा फावडी आणि हातगाड्या. तोंडाला मास्क. शाळेतले मास्तर तर मास्कमध्येच जास्त बरे दिसतात असं सगळ्यांचं मत पडलं.

विद्यापीठाकडून एक मुलगी हे सगळं बघते. तुझ्या वयाची असेल. तुझी आई तिला मातीवाली म्हणते. नाकावर माशी बसू देत नाही, पण चहा मागून घेते, त्यामुळे आईचं आणि तिचं जमलं.

पहिल्याच रविवारी मास्तरांनी स्वतःचं अंगण खणताना गुलाबाभोवती हळूच एक गोल शिल्लक ठेवला. मातीवालीने तिथे तिचं यंत्र टेकवलं, तर त्या गोलातच सगळ्यात जास्त शिसं. तेव्हापासून गल्लीचा नियम झाला: आपलं अंगण आपण खणायचं नाही, शेजाऱ्याने खणायचं. दुसऱ्याच्या गुलाबाचा कुणाला कळवळा येत नाही. मी बेकरीवाल्याचं खणून आलो. शिंप्याचे हात, फावडं कसलं धरतात, पण त्याने कौतुक केलं आणि वर एक ब्रेड दिला.

येत्या रविवारी आपली पाळी. आपल्याकडे प्लंबर खणणार, तोच तो घाईवाला. आईचे वाफे जाणार, लिंबू जाणार. टाकीजवळचा कोपराही त्यात आला.

तिथे काय आहे हे गल्लीत कुणालाच माहीत नाही. आपल्या तिघांनाच माहीत आहे. बाहेर कुणीतरी पँट आखूड करायला घेऊन आलंय. उठतो.


ता. ११, दुपार

पँट काही दोन दिवसांचं काम नव्हतं. मीच पळ काढला होता.

आता सांगतो. तीन-चार महिन्यांपूर्वी तपासणीचे निकाल सांगायला मातीवालीने सगळ्यांना शाळेच्या हॉलमध्ये बोलावलं. बोलणं संपल्यावर तुझी आई तिच्याजवळ गेली आणि म्हणाली, "गरोदर बाईने या मातीतली पालेभाजी रोज खाल्ली तर?" ती मुलगी खोटं बोलत नाही. म्हणाली, "काकू, शिसं आईकडून बाळाला जातं. बाळ दगावूही शकतं. पण अमुक एका बाईचं बाळ त्यानेच गेलं, असं आज कुणालाच सांगता येणार नाही." आईला पहिलं तेवढं ऐकू आलं. घरी आली आणि हातमोजे न घालता सगळा पालक उपटून काढला. मी थांब म्हटलं तर माझ्याकडे बघितलंही नाही.

बाळंतपणाला आलीस तेव्हा तुला ती दोन्ही वेळा पालक वाढायची, आठवतं? तू ताट सरकवायचीस, ती पुन्हा वाढायची. विकतच्या भाजीचा भरवसा नाही, ही घरची आहे म्हणायची. आणि नंतर तुझ्या खाटेशी उभी राहून म्हणाली होती, "सातव्या महिन्यापर्यंत सायकल दामटत होतीस, दुसरं काय होणार." त्यानंतर तू या घरात कधी मुक्कामाला राहिली नाहीस. आलीस तरी चपला दाराशी आणि नजर घड्याळाकडे. आम्हाला कळत होतं गं.

काल मातीवाली दोरी लावायला आली. कुठून कुठवर खणायचं ते दोरीने आखतात. प्लंबर आत्तापासूनच फावडं टेकून उभा, बाकीचे शेजारी रविवारसाठी गाड्या आणून लावत होते. दोरी टाकीकडे वळली तशी आई घरातून आली, कोपऱ्यात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "इथे फावडं घालू नका. इथे माझी नात आहे."

ज्याला चहा निवेपर्यंत धीर धरवत नाही तो प्लंबर मास्क काढून पायरीवर बसून राहिला. मातीवालीने दोरी गुंडाळून परत घेतली.

नंतर ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, कोपरा कायमचा सोडता येणार नाही. पाण्याबरोबर शिसं पुन्हा सगळीकडे पसरेल. पण तिथे आपण हाताने करू, हळू, चाळून. जे मिळेल ते त्याच जागी स्वच्छ मातीत ठेवू." मी विचारलं, काय मिळेल? म्हणाली, "इतक्या वर्षांनी बहुधा काहीच नाही."

मी म्हटलं, गुंड्या मिळतील.

तुला हे कधी सांगितलं नाही. तुला ती दाखवलीही नव्हती, मुलगी होती एवढंच सांगितलं. पुढे तू विचारलं नाहीस आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मी तिच्यासाठी पिवळं झबलं शिवून ठेवलं होतं, तीन गुंड्यांचं. आई म्हणत होती, "अहो, बंद लावा, गुंड्या टोचतील." मला माझी कारागिरी दाखवायची होती. तेच तिला घातलं. बाह्या थोड्या लांब झाल्या होत्या. टोपीही होती, पण ती घातली नाही, कारण केस फार सुंदर होते, दाट, काळेभोर, ओले. हनुवटी तुझी होती. मी तिला बराच वेळ मांडीवर घेऊन बसलो होतो. मग खणलं. फार खोल खणता आलं नाही मला.

हे लिहिताना रडू येतंय. कागद बाजूला धरलाय, तरी अक्षर वाचता आलं नाही तर समजून घे.

गल्लीने ठरवलंय, रविवारी बाकीचं अंगण खणायचं आणि कोपरा राहू द्यायचा. पावसाळ्याच्या आत झाला म्हणजे झालं. मास्तर म्हणाले, ती जागा तुमची नाही, तुमच्या लेकीची आहे. तेव्हा नियमाप्रमाणे तू खणायचं नाहीस. तू नुसतं उभं राहायचंस, आणि कुणी खणायचं ते सांगायचंस. प्लंबर तयार आहे, बेकरीवालाही तयार आहे.

आई ते ऐकून चहाचे कप उचलून आत गेली. आज सकाळी चादरीच्या घड्या घालताना म्हणाली, "तिला लिहा, सायकलीचं काही नव्हतं. मी बोलायला नको होतं." मी म्हटलं, तूच लिही की. म्हणाली, "मला लिहवत नाही." घडी घालून झाली तरी चादर हातातच. मग म्हणाली, "आणि विचारा तिला, मी खणू का. नको म्हणाली तर प्लंबरला सांगा. पण त्याला म्हणावं, सावकाश."

तेव्हा ये. नाहीतर होय किंवा नाही तेवढं कळव. आईचा जीव टांगणीला लागलाय, आणि माझाही.

त्या पिवळ्या कापडाचा तुकडा मी ठेवला होता. चाळणीत जे मिळेल ते ठेवायला त्याची एक लहान पिशवी शिवली आहे. दोरा आईने ओवून दिला. या खेपेला बंद लावलेत.

तुझे बाबा
आणि तिचे आजोबा