टोपात उरलेला भात

आई,

तुझ्या साखरेचं कोडं मला गेल्या रविवारी सुटलं, म्हणून लिहायला बसले. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, बाबाही गेले, आता त्या कोड्याचं कोणाला काय पडलंय म्हणा! पण एखादी गोष्ट कळली की ती ज्याची त्याला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि हा स्वभाव तुझाच.

आधी माझी वाट कशी लागली ते ऐक. ऑफिसात दरवर्षी रक्त तपासतात, त्यात यंदा माझी साखर काठावर निघाली. डॉक्टरीणबाई अगदी पोरगेली. म्हणाली, "घाबरू नका मॅडम, डायबेटिस झालेला नाही. पण असंच चाललं तर होईल. जेवल्यावर दोन तासांनी साखर बघत जा, तीन महिन्यांनी परत भेटू. घरात कोणाला होता?" मी म्हटलं, "आईला." तिने तेवढं टाइप केलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. मला मात्र जिना उतरताना तुझा पाय दिसत होता. चपलेचा पट्टा लागून झालेली ती एवढीशी जखम, जी शेवटपर्यंत भरलीच नाही. मग तुझी नजर गेली. तुला माशाचे खवले दिसेनासे झाले. कालवणात सापडले की बाबा ते गुपचूप ताटाखाली सरकवायचे आणि मला डोळ्यांनी दटावायचे, बोलू नकोस म्हणून. मी घाबरले गं आई. स्पष्टच सांगते, खूप घाबरले.

तू जिला पाहिलं नाहीस ती तुझी नात आता कमावती आहे आणि घरात तिचंच चालतं. तिने मशीन आणलं. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीवर लावायचा, की आकडा येतो. एकशे चाळीसच्या आत आला तर ती "झकास!" म्हणते, वर गेला तर माझ्याकडे पोलिसासारखी बघते. ऑफिसात डबा खाल्ला की आकडा शहाण्यासारखा वागायचा. घरी जेवले की, त्यातून रविवारी, एकशे ऐंशीच्या वर. जेवण तर तेच. दोन भाकऱ्या, वाटीभर भात, भाजी, माशाचा तुकडा. गोड सोडलं, चहातली साखर सोडली, इथे मुलुंडला बागेत रोज संध्याकाळी चालायला लागले, तरी रविवार आला की हेच.

"मम्मी, तू गुपचूप काहीतरी खातेस," ती एकदा म्हणाली.

"मी काय चोर आहे? देवाशपथ, एक घास जास्त खाल्लेला नाही."

तुझे जावई मध्ये पडले. "अगं, ती माझ्यासमोरच जेवते ना. मोजून जेवते."

"मग काय मशीन खोटं बोलतंय?"

मी दुसरं बोट टोचून पाहिलं. आकडा तोच.

गेल्या रविवारी बांगड्याचं कालवण केलं होतं, तुझ्यासारखं तिरफळ घालून. जेवणं झाली, बापलेक उठून गेली, मी ओट्याशी उभी होते. नात पाणी प्यायला आली आणि दारातच थबकली. "हे काय चाललंय?" मी म्हटलं, "काय चालायचंय? भांडी आवरतेय." तिने माझ्या हाताकडे बोट दाखवलं. डाव्या हातात कालवणाचा टोप, उजव्यात घास, तोंडाशी आलेला. कुकरमधला उरलेला सगळा भात मी त्या टोपात कालवला होता आणि त्यातले जेमतेम दोन घास शिल्लक होते. तुझी शपथ आई, मी खरंच भांडी आवरत होते. त्याला जेवण म्हणतात हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

आणि तिथे उभ्या उभ्या मला घाटकोपरची आपली खोली दिसली. बाबा जेवून बाहेर कठड्याशी उभे आहेत. तू मोरीच्या कडेला टेकून बसली आहेस, पुढ्यात ॲल्युमिनियमचा टोप, त्यात राहिलेला भात उपडा केलेला. तो भात तू टोपात चौफेर फिरवतेस. कडेला चिकटलेलं कालवण, तळाला बसलेलं खोबरं, आमसुलाचा एखादा तुकडा, सगळं त्या भाताला लागतं. मी पोटभर जेवून उठलेली, तरी येऊन आ वासून तुझ्यासमोर बसते. "मगाशीच जेवलंस मा गो?" असं म्हणत म्हणत तू घास भरवतेस. त्या घासाची चव ताटातल्या भाताला कधी आली नाही, आजही येत नाही. तुला स्वतःसाठी ताट वाढून घेतलेलं मी पाहिलंच नाही. विचारलं की म्हणायचीस, "माका खंय भूक? उरला ता खातंय." मला त्याचा राग यायचा. नोकरी लागली तेव्हाच मी ठरवलं होतं, आपण असं सगळ्यांच्या मागून जेवायचं नाही, बरोबरीने बसायचं, ताट वाढून घ्यायचं. तशीच जेवते मी. टेबलावर माझं जेवते आणि मग ओट्याशी तुझं जेवते.

तुझी साखर काही केल्या उतरेना तेव्हा डॉक्टर किती चिडले होते! "या पथ्य पाळत नाहीत," म्हणाले. आणि आपले बाबा, जे डॉक्टरसमोर कधी खुर्चीतही नीट बसले नाहीत, ते उभे राहून म्हणाले, "साहेब, ती खातेच कुठे? आमचं सगळ्यांचं झालं की दोन घास." मी मान डोलावली. तूही डोलावलीस. आपल्यातलं कोणी खोटं बोललं नाही. दोन घास म्हणजे किती, हे बघायला मोरीपाशी कोणी थांबलंच नव्हतं. मी थांबायचे, पण माझा घास मिळेपर्यंत. शेवटी आपण काय केलं, तर डॉक्टर बदलला.

नातीला उपाय सोपा वाटतो. "कमी शिजव ना यार." पण हात ऐकत नाही. माणशी एक मूठ आणि वर एक मूठ येणाऱ्याची, असं तू शिकवलंस. चाळीत ती मूठ कधी उरली नाही. गावचं कोणी ना कोणी टपकायचंच, नोकरी शोधायला, कोर्टाच्या कामाला, नाहीतर नुसतंच मुंबई बघायला. आता सातव्या मजल्यावर कोण येतंय? येणाऱ्याच्या आधी खालून वॉचमनचा फोन येतो, आणि येतो तोही डाएटवर असतो. येणाऱ्याची मूठ रोज शिजते आणि मी खाते. फ्रिजमध्येही ठेवून पाहिला. दुसऱ्या दिवशी फोडणी देऊन कोणी खाल्ला? मीच.

टाकायचा म्हटलं तर मी सहावीत असतानाची ती दुपार आड येते. बाबांची मिल बंद, तांदूळ गावाहून यायचा. तिरफळ जास्त झालंय म्हणून मी भात ताटात ठेवून उठले. तू ओरडली नाहीस. मनगटाला धरून परत पाटावर बसवलंस. "थंय तुझो आजो चिखलात उभो असा, आणि तू हंय भात टाकतंस?" एवढंच बोललीस, आणि मी शेवटचं शीत उचलेपर्यंत समोर बसून राहिलीस. त्यानंतर मी कधी भात टाकला नाही. लग्नात, हॉटेलात, कुठेच नाही. मला वाटायचं, तुझं एवढं तरी मी सांभाळलंय.

आज पुन्हा रविवार. जेवल्यावर दोन तासांनी आकडा आला एकशे सव्वीस. नात अक्षरशः नाचली. तुझे जावई म्हणाले, "बघ, चालण्याचा गुण." नातीने तेवढ्यात विचारलंच, "आणि टोपातला भात?" मी म्हटलं, "उरलाच नाही." डॉक्टरीणबाईंकडे जायला अजून महिना आहे. मला धडधाकट राहायचंय आई, तुझ्यासारखं भिंत चाचपत मोरीपर्यंत जायचं नाहीये. हे तुलाही पटेल, मला ठाऊक आहे. तरीसुद्धा तुझा पत्ता असता तर मी हे पत्र टाकलं नसतं, कारण पुढचं तू वाचलेलं मला चालणार नाही. भात उरला होता, मूठभर. मी तो कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि तुला दिसू नये म्हणून वर कांद्याची सालं पसरली.