संघमित्राचे अंदाजपत्रक

केनवड, ता. २६ जून १९७४

तीर्थस्वरूप भागिरथा आत्याबाईस,
शेषरावचा सविनय जयभीम.

आम्ही सर्व येथे खुशाल आहोत. तुझे गुडघे आणि तुझी लंगडी शेळी कशी आहे ते कळवावे. (भिवाजीभाऊ, तुम्हीच वाचून दाखवत असाल तर सावकाश वाचा. भराभर वाचले की आत्याबाईला वाटते, शेजारी काहीतरी गाळतो आहे.) संघमित्रा तीन महिन्यांची झाली. अंगाने भरली आहे, पोट साफ असते, आणि याचे सारे श्रेय मी वाशिमहून आणलेल्या बालसंगोपनाच्या पुस्तकाला आहे, हे नम्रपणे नमूद करतो. बारशाला याच पुस्तकावरून मी तुझ्या हातातली घुटीची सहाण काढून घेतली आणि तू न जेवता दुपारच्या एसटीने रिठदला निघून गेलीस. पण तो विषय मी या पत्रात काढणार नाही.

विषय वेगळाच आहे. वच्छलाची बाळंतपणाची रजा संपत आली. सोमवारी, एक तारखेला, तिला शाळेवर हजर व्हायचे आहे. हजर झाली नाही तर तिच्या जागी दुसरी बाई येईल, असे हेडमास्तरांनी स्पष्ट सांगितले. आपल्या खानदानात सही करून पगार घेणारी ही पहिलीच बाई. तिची ऑर्डर आली तेव्हा तू सगळ्या रिठदला गूळ वाटला होतास. ती नोकरी सोडायची कशी? आणि लेकरू ठेवायचे कोणाजवळ? मी तर दिवस उगवला की रस्त्याच्या कामावर मुकादमीला जातो.

तिथेच मला युक्ती सुचली. आमच्या कामावर मजूर बायांची लेकरे झाडाखाली सांभाळायला सरकार एका बाईला रोजी देते. मी विचार केला, खडी फोडणाऱ्या आईचे लेकरू सरकार सांभाळते, तर खडू धरणाऱ्या आईचे का नाही? फक्त सरकार किती देईल, याचा अंदाज काढायला हवा. आता अंदाजपत्रक म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ. मी कामावरचा छापील फॉर्म घेतला आणि एकही रकाना मोकळा सोडला नाही. (मोकळा रकाना दिसला की आमचे ऑफिस कागद परत पाठवते.) कामाचे नाव : संघमित्रा. लांबी : एक फूट अकरा इंच. गळती : दिवसातून दहा वेळा, पावसाळ्यात वाढण्याचा संभव. आवाज : भरपूर. लागणारे मजूर : एक बाई, पूर्ण दिवस. खाली सही ठोकली आणि कागद वर पाठवला.

पंधरा दिवसांनी ओव्हरसियर दौलतसिंगसाहेब सायकलीवर टेप आणि चार खुंट्या घेऊन थेट घरी हजर. वरच्यांनी लांबी आणि गळती वाचून ही रस्त्याखालची एखादी फुटकी मोरी ठरवली होती! "साइट कोठी हाय, मुकादम?" त्यांनी विचारले. वच्छलाने पाळण्याकडे बोट दाखवले. साहेबांनी खुंट्या खाली ठेवल्या. मग गुडघे टेकून त्यांनी खरोखर टेप लावला आणि म्हणाले, "तुमचं माप चुकलं. दीड इंच जास्त भरून राह्यली." आत्याबाई, पंधरा दिवसांत दीड इंच! मी तर दिवसभर रस्ताच मोजत होतो. जाताना त्यांनी शेरा लिहिला : काम प्रगतिपथावर, निधीची गरज नाही. सोय फक्त कामावरच्या लेकरांना आहे, पगारदार बाईच्या लेकराला नाही, हेही त्यांनी चहा पिता पिता समजावले. तेव्हा सरकारी मदतीचा अंदाज शून्य.

त्या संध्याकाळी मला शेताच्या धुऱ्यावरची, बांधावरची, आपली बाभूळ आठवली. आई आणि बाकीच्या बाया तण निंदायला जायच्या आणि पाय अधू म्हणून तू झाडाखाली बसायचीस. एकाच बाभळीला सात-आठ झोळ्या, सगळ्यांच्या दोऱ्या एकत्र करून तुझ्या पायाच्या अंगठ्याला बांधलेल्या. रडणे ऐकूनच तू ओळखायचीस, हे भुकेचे, हे मुंगी चावल्याचे, आणि हे शेषरावचे म्हणजे उगीचचे. सांजेला प्रत्येक आई तुझ्या ओटीत ओंजळभर ज्वारी टाकायची. त्याला ना फॉर्म होता ना सही. आईपेक्षा तुझ्या लुगड्याचा धुराचा वास मला जास्त आठवतो. खरे सांगतो, तशी झोप मला पुन्हा लागली नाही. बारशाला निघताना तू विचारलेस, "तुले मोठं कराले मी कोनतं पुस्तक वाचलं होतं रे?" मी ते पुस्तक दोनदा वाचले. उत्तर त्यात नाही.

बाकी सर्व ठीक. कळावे.

तुझा भाचा,
शेषराव

ता. क. : रविवारी इकडे येणे झाले तर मुक्कामाच्या तयारीने ये. मुक्काम साधारण पाच वर्षांचा धरावा. शेळीही आण. आणि बारशाला मी चुकलो. (भिवाजीभाऊ, एवढे हळू वाचा.)

ता. क. दुसरा, वच्छलाच्या हातचा : आत्याबाई, जयभीम. हे सांगणार नाहीत म्हणून मी लिहिते. अंदाजपत्रकात 'एक बाई'पुढे कंसात पहिल्यापासून तुमचेच नाव होते. मी शेजारच्या लिलाबाईचे नाव सुचवले, तर हे त्या रात्री जेवले नाहीत. आणखी एक. बारशाला तुम्ही घुटीची डबी माझ्या उशाखाली ठेवून गेलात. हे कामावर गेले की मी रोज सहाणेवर उगाळून पोरीला देते. श्रेय पुस्तकाला जाते, ते जाऊ दे. पण वेखंडाचा तुकडा आता नखाएवढा उरला आहे. सोमवारपर्यंत पुरेल.