पाडव्याआधीची आवराआवर

आत्याबाई, यंदा पाडव्याआधीचं घर तुमच्या लेकानं आवरलं. मी नाही. तुम्ही असता तर एवढं ऐकूनच हातातलं सूप खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला असता. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, म्हणून धीर करून सांगते आहे.

शिमगा झाला की तुमच्या अंगात वारं शिरायचं. अंकुशनगरच्या कारखान्याच्या त्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमधलं सगळं सामान अंगणात यायचं, पत्र्याच्या पेट्या, डबे, गोधड्या, देवांच्या तसबिरी. रिकाम्या घरात आपला आवाज घुमायचा. तुम्ही कासोटा घट्ट करून कोपरे धुवायच्या, मी हौदावर गोधड्या तुडवायची. गहू उन्हात पडायचे, त्यांना एरंडेल चोळून कोठी भरायची, नवा माठ आणून तीन दिवस नुसतं पाणी भरून ठेवायचा. हे सगळं पाडव्याच्या आदल्या दिवशी, दिवस मावळायच्या आत संपायला हवं. मला लग्नाच्या पहिल्या वर्षी वाटलं होतं, ही बाई एवढी कुणाला भिते?

त्याच वर्षीची गोष्ट. मी सतरंज्या झटकून राहिले होते आणि हे आतून आले. यांनी कोपऱ्यातला झाडू घेतला आणि ओटा झाडायला लागले. मला नव्या नवरीला केवढं गोड वाटलं म्हणून सांगू. तेवढ्यात तुम्ही मागच्या दारातून आलात. "ठिव तो खाली. लोकं बघून राह्यले." यांनी लगेच ठेवला. मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "तुला दोन हात न्हाईत का? माझ्या लेकाच्या हातात पुन्हा झाडू दिसला न्हाई पाहिजे मला." मी मान खाली घातली. त्यानंतर तीस वर्षं यांच्या हातात झाडू दिसला नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा मीच दिला.

तुमच्याबद्दल राग धरला, असं मात्र नाही म्हणवत. दोन वर्षांनी मला डी.एड.ला नंबर लागला तेव्हा माझी आई म्हणाली होती, तान्ही पोर टाकून कुठं जातेस. तुम्ही एका शब्दात निकाल लावलात. "जा तू. पोरीला मी बघते." आणि बघितलंत, पूर्ण दोन वर्षं. मी नोकरीला लागले ती तुमच्या मांडीमुळे. त्यामुळे तुमची शिस्त मी मोडली नाही. सकाळी उठून सगळ्यांचं करायचं, शाळा करायची, येऊन पुन्हा चुलीपुढं. तुम्ही गेल्यावरही तेच चालू राहिलं.

दीड वर्षापूर्वी हे कारखान्यातून रिटायर झाले. आम्ही जुन्या जालन्यात वरच्या मजल्यावर घर केलं. कारखान्याच्या भोंग्यावर उठणारा, भोंग्यावर जेवणारा माणूस, इथं भोंगाच नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत बसले की दुपारपर्यंत तिथंच. टीव्ही चालू, पण बघत नाहीत. चार शब्द बोलले तर बोलले. मी फरशी पुसायला आले की म्हणायची, "पाय वर घ्या." हे म्हणायचे, "घेतो." आमचं दिवसभराचं बोलणं एवढंच. मला त्यांच्या त्या बसण्याची भीती वाटायला लागली होती, आत्याबाई. पोरगी पुण्याहून फोनवर विचारायची, बाबा कसे आहेत? मी सांगायची, बराबर आहेत.

मार्चपासून सकाळची शाळा. शिमग्यानंतरच्या शनिवारी बाराला घरी आले, पदर खोचला आणि सगळं काढायला घेतलं. गहू गच्चीवर पसरले, गोधड्या भिजवल्या, डबे खाली मांडले. माळ्यावरचं पितळेचं पातेलं काढायला स्टुलावर चढले आणि स्टूल सरकलं. उजवं मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे प्लास्टर. घरी आलो तर पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मं घर फरशीवर, गहू गच्चीवर, गोधड्या पाण्यात. मी पलंगावर बसले आणि रडले. हाताला कळा होत्या, पण रडले ते घर बघून.

दोन दिवस खानावळीचा डबा आला. तिसऱ्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "एक भाकर मिळाली असती तर." हे उठून आत गेले. थोड्या वेळानं थापण्याचा आवाज यायला लागला. मला वाटलं शेजारीण आली. जाऊन बघते तर तुमचा लेक खाली मांडी घालून बसलेला, पुढ्यात काटवट. भाकर गोल फिरत होती हाताखाली. तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, आणि ती टम्म फुगली. माझी अशी फुगत नाही अजून.

"कुठं शिकले तुम्ही?"

"आईनं शिकवलं."

मी दाराला धरून उभी. यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. "मी दहा वर्षांचा होतो. आईला टायफॉईड झाल्ता. महिनाभर पडून होती. अंथरुणातूनच सांगायची, पाणी कमी घाल, मंग तळहातानं थाप, बोटानं न्हाई. जमायला लागलं तशी हसायची. एक दिवस आजोबा शेतातून जल्दी आल्ते. मला चुलीपुढं बघितलं आन् तवा उचलून अंगणात फेकला. पोराला बाईमाणूस करून राह्यली म्हणून आईला लई बोलले. गल्ली गोळा झाल्ती. दुसऱ्या दिवशी आई ताप अंगात असतानी उठली आन् चुलीपुढं बसली. मला आत येऊ दिलं न्हाई, ते कायमचंच."

"आणि मला तीस वर्षं सांगितलं नाही?"

"तू कधी विचारलं न्हाई."

मला एवढा संताप आला की काय सांगू. तापात, बाळंतपणानंतर, शाळेच्या इन्स्पेक्शनच्या दिवशी मी भाकरी थापल्या, आणि हे पलीकडच्या खोलीत बसून होते, असे हात घेऊन! त्या दुपारी मी त्यांच्याशी बोलले नाही. भाकरी मात्र अडीच खाल्ल्या. आयुष्यात पहिल्यांदा गरम, बसल्या जागी.

संध्याकाळी गच्चीवर बसले तेव्हा मला तो झाडूचा दिवस पुन्हा आठवला. इतकी वर्षं मी तुमचं दुसरं वाक्य ऐकत आले होते, ते माझ्या दोन हातांचं. पहिलं कधी ऐकलंच नव्हतं. लोकं बघून राह्यले. तुम्ही ते म्हणताना यांच्याकडे बघत नव्हतात, रस्त्याकडे बघत होतात. तुम्हाला भीती होती, आणि ती मी खाष्टपणा समजले. हे तुमच्याशी बसून बोलायला हवं होतं. तुम्हीही बोलला नाहीत, मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून यांनी घर हातात घेतलं. आधी प्रत्येक गोष्ट विचारायचे, गोधडीला साबण किती, गव्हाला एरंडेल किती. चार दिवसांनी विचारणं बंद झालं. गच्चीवर गहू वाळत घालताना समोरचे म्हणाले, "काय साहेब, आज सुट्टी वाटतं?" हे म्हणाले, "बिलकुल न्हाई. ड्युटीवर आहे." मी दारामागे उभी राहून ऐकलं. काय सांगू, त्या माणसाचा आवाज मला दीड वर्षानं ऐकू आला.

तुमची मांडणी राहिली नाही, हेही सांगून टाकते. वरच्या फळीवरचे डबे सगळे खाली आले, का तर मी परत स्टुलावर चढू नये. मीठ ओट्याच्या डाव्या हाताला गेलं. मी म्हटलं, "मीठ इथं कशाला?" तर म्हणाले, "ज्याला लागतं त्याच्या हाताशी." आठवड्यातून एकदा नळाला पाणी येतं, तो दिवस त्यांचा. पिंप घासायचं, भरायचं, माठ धुवायचा, सगळं तेच करतात. पहाटे पाचला उठतात, भोंग्याशिवाय. मी शाळेला निघायच्या आत चहा आणि डबा तयार. पाडव्याला पुरणपोळीचा हट्ट धरला. सगळ्या फाटल्या. आम्ही दुधात कुस्करून खाल्ल्या आणि पोरीला फोटो पाठवला. ती फोनवर खूप हसली. मग म्हणाली, "आई, पुढच्या पाडव्याला मी येते. बाबांना म्हणावं मलाही भाकर शिकवा."

तर असं चाललंय, आत्याबाई. हे मी शाळेत बसून लिहिते आहे, पोरं घरी गेल्यावर. घरी लिहिता यायचं नाही, आणि हे पत्र घरी न्यायचंही नाही. शाळेच्या कपाटात जुन्या हजेऱ्यांखाली ठेवणार आहे. कारण असं की प्लास्टर निघून आठ दिवस झाले. हात बरा आहे. चाळीस पोरांची प्रगतिपुस्तकं मी याच हातानं लिहिली, आणि आता हे पत्रही. यांना अजून सांगितलेलं नाही. आज सकाळीसुद्धा यांनी विचारलं, "दुखतं का गं?" आणि मी म्हटलं, "थोडं थोडं दुखतंय."